मी खरवडलेली तीन अक्षरं

या वो बायांनो, अशा दारात उभ्या राहू नका. आत या, जवळ सरकून बसा. तुमच्याशी जरा भांडायचं आहे. पुरुष मंडळी वाचत असतील तर त्यांनीही बसावं, त्यांचा गुन्हा काही कमी नाही. दिवाळी आली की तुम्ही माळा झाडता, आणि सासूबाईंच्या वेळची एखादी बांबूची करंडी, पेटी, फणी खाली काढता. आणि मग काय करता? सरळ पाण्यात बुडवता! वर साबण. वर तीच वस्तू गच्चीवर उन्हात ठेवता. दुपारी ती ‘कट्’ करून तडकली की म्हणता, बांबूच हलका होता. नाही हो. बांबूनं तुमच्या घरात पन्नास वर्षं काढली, त्याला तुम्ही एका दुपारीत मारलं. इतकं कसं कळत नाही तुम्हाला?

झालं. रागावून झालं. आता ऐका.

मी सुभद्रा, जातीची बुरडीण. राहणं गोंदियाचं, रेल्वे लायनीच्या पलीकडचं. सूप, टोपल्या, कोंबड्या झाकायचे डाले, भात साठवायच्या ढोल्या, हे आमचं घरचं काम. सुगीच्या आधी केशोरीकडचे शेतकरी गाडी घेऊन यायचे आणि ढोल्या भरून न्यायचे. पण गावात मला लोक ओळखायचे ते दुसऱ्याच कामानं. ‘चिनी बांबूवाली’ म्हणायचे. काही जण कुचेष्टेनं म्हणायचे, काही जण मानानं. मी दोन्ही वेळा ‘ओ’ द्यायची.

चिनी बांबू म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. चीन देशात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या मेजावर बांबूच्या वस्तू असायच्या. आपण बांबू चिरतो नि विणतो. ते लोक बांबूवर कोरतात. मांडीएवढ्या जाड बांबूचा पेला करून त्यात कुंचले उभे ठेवतात, कारण ते कुंचल्यानं लिहितात. त्या पेल्याभोवती डोंगर, झाडं, पुलावरून चाललेला म्हातारा, असं सगळं कोरलेलं. बांबूचं मूळ असतं ना, गाठीगाठीचं, आपण चुलीत घालतो ते? त्यातून बेडूक काढतात, हसरा बुवा काढतात. उदबत्तीसाठी जाळीदार नळी करतात. आणि एक असतो टेकू. ते वरून खाली लिहितात, शाई ओली असते, बाही लागून फिसकटू नये म्हणून मनगटाखाली बांबूची उभी चिरलेली अर्धी फाक ठेवतात. वीतभर लांब, पालथ्या पन्हाळीसारखी. या टेकूपायीच मी आज लिहायला बसले आहे.

ह्या वस्तू गोंदियात कुठून आल्या? आमच्याकडे एक बंगाली डॉक्टर होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना डॉक्टरबाबू म्हणत. बायको गेलेली, मुलगी कलकत्त्याला दिलेली. पण गोंदिया काही त्यांना सुटलं नाही. मी वैशाखात सुपं विकायला त्यांच्या आळीत गेले होते. पाहते तर ओसरीवर डॉक्टरबाबू एक तडकलेला पेला हातात घेऊन बसलेले, जसं कुणी आजारी लेकरू मांडीवर घ्यावं. तडा वरपासून खालपर्यंत, नखभर रुंद. त्यात स्वयंपाक्यानं मेणबत्तीचं मेण भरून ठेवलेलं.

मी म्हटलं, “बाबू, हे मेन काढा. याले तहान लागली हाये.”

“क्या लगी है?”

“तहान. प्यास. आपल्या गोंदियाच्या उन्हात बांबू सुकते, आकसते नि फाटते. मेन भरलं तर तो मिटन कसा?”

स्वयंपाकी आतून म्हणाला, “बाई, तुझं सूप वीक आणि चालती हो.” डॉक्टरबाबूंनी मात्र पेला माझ्यापुढे धरला. मी मेण काडीनं काढलं. मग न्हाणीघरात रांजणाजवळ पाट मांडला, त्यावर पेला ठेवला आणि भोवती ओलं पोतं उभं केलं. पोतं पेल्याला टेकवायचं नाही, नुसता ओलावा लागू द्यायचा. रोज सकाळी जाऊन पोतं भिजवायची. नवव्या-दहाव्या दिवशी तडा इतका मिटला की त्यात केस जाईना. डॉक्टरबाबू बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, “मैं चालीस साल से लोगों के ज़ख्म सीता हूँ, और तूने बिना टाँके के भर दिया.” त्यांचं ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. आमच्या कामाला कुणी असं बोलायचं नाही. सूप चांगलं झालं तर लोक दाणे पाखडतात, बस.

तेव्हापासून त्यांची पेटी माझ्या हाताखाली आली. अकरा वस्तू. मी त्यांना माझीच नावं ठेवली होती: पुलावरचा म्हातारा, बेडूक, जाळीवाली, हसरा. काम म्हणाल तर सोपं, पण धीराचं. बांबू पोखरणाऱ्या घुणाची पिठी पडते का ते काळ्या कापडावर ठेवून बघायचं. पडली तर पेटीत वेखंड आणि कडुनिंबाचा वाळला पाला. धूळ जुन्या धोतराच्या फडक्यानं, तीही फुंकर मारून मारून. तेल जवळपास नाहीच. माणसाच्या तळव्यासारखं तेल दुसरं नाही, दिवसातून दहादा हात फिरला की बांबू मधासारखा लाल होतो. उन्हाळ्यात पेटी रांजणाजवळ, पावसाळ्यात चुलीच्या भिंतीला. एवढीच माझी डॉक्टरकी.

हळूहळू इतरांची कामं यायला लागली. जंगलखात्यातल्या एका साहेबाची मेम कुंचल्याचा पेला घेऊन आली. त्याला बुडाशी भोक पाडून दे म्हणाली, विजेचा दिवा बसवायचाय. मी म्हटलं, मेमसाब, त्यापेक्षा मी तुम्हाला चार पेले बनवून देते, त्यांची चाळणी करा. एक तांदळाच्या गिरणीचे सेठ होते. त्यांनी कलकत्त्याहून ‘तीनशे साल पुराना’ पेला आणला आणि दहा माणसांत मला बोलावलं, माझ्या तोंडून वाहवा व्हावी म्हणून. मी आत बोट घातलं. भिंत जाड, पोकळी अंगठाभरसुद्धा नाही. चुलीवर धुरवून काळा केलेला.

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “सेठजी, हा तर आपल्या सालेकशाच्या जंगलातला.”

सेठजी हसत हसत, दात न उघडता म्हणाले, “चूप बैठ, सुभद्रा. किसी को बोलना मत.” मग मोठ्यानं, “देखा! बाई बोल रही है, बहुत पुराना है!”

मी काही म्हटलं नव्हतं, पण मान हलवली. तेवढी लबाडी केली मी. देव माफ करो.

पण ह्याच सेठजींनी एकदा डॉक्टरबाबूंना भर बाजारात टोमणा मारला, “आपका माल तो असली है बाबू, लूट का जो है.” डॉक्टरबाबूंचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी मला पेटीची गोष्ट सांगितली. त्यांचे वडीलही डॉक्टर, पलटणीबरोबर चीनला गेलेले. तिथं एका म्हाताऱ्या विद्वानाच्या घरात पलटणीचा दवाखाना बसवला होता. घरची माणसं गाव सोडून निघाली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं ही पेटी वडिलांच्या हातात दिली, खुणेनं सांगितलं, परत आलो की घेईन. तो काही परत आला नाही. पलटण हलली. वडिलांनी पेटी टाकून येण्याऐवजी बरोबर आणली आणि मरताना लेकाला बजावलं, “मुझे दी नहीं थी, रखने को दी थी.”

“मग त्याचं नाव काय होतं?” मी विचारलं.

डॉक्टरबाबूंनी मेजावरचा टेकू उचलला. तो तेवढा माझ्या पेटीत नसायचा, कायम त्यांच्या हाताखाली असायचा. “इस पर लिखा है. बाकी किसी चीज़ पर नहीं, सिर्फ इस पर.” नाव टेकूवर होतं, पण ते वाचणारं माणूस गोंदियात कुठून मिळणार? आज करू, उद्या करू, यात वर्षं गेली. मग लढाई आली, चीनचा रस्ताच बंद. आणि डॉक्टरबाबूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. जन्मभर लोकांना सुरी लावली, पण स्वतःच्या डोळ्याला सुरी म्हटलं की लहान पोरासारखे घाबरायचे. शेवटी शेवटी त्यांना फक्त उजेड नि अंधार कळायचा. टेकूवर अंगठा फिरवत बसायचे.

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांना कलकत्त्याहून पत्र आलं. त्यांच्या कवळ्या बनवणारे एक चिनी दातवाले होते, ते नागपूरला जाणार होते. वाटेत गोंदियाला उतरून पेटी बघतो, नाव वाचतो म्हणाले. त्यांच्या ओळखीचे व्यापारी चीनला जात-येत होते. नाव कळलं की शोध घेता येईल. डॉक्टरबाबू इतके हरखले! चार दिवसांवर पाहुणे. मला म्हणाले, “सुभद्रा, सब साफ कर दे. यह भी.” आणि टेकू पहिल्यांदा माझ्या हातात दिला. स्वतः जेवून आडवे झाले.

आता माझी चूक ऐका. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दुकानदाराच्या नाही, मास्तरणीच्या नाही. ही बुरडाचीच चूक.

आम्हाला लहानपणापासून हाताला वळण असतं. टोपलीच्या पट्टीवर साल ठेवायची, त्यातच जोर असतो. पण जी वस्तू हातात धरायची, पंख्याचा दांडा, काठी, तिच्यावर सालीचा कणही ठेवायचा नाही. अर्धवट साल राहिली तर ती पुढे सुटते आणि बोटात शिरते. असा दांडा कुणी केला तर माझी सासू तो त्याच्या पाठीत घालायची. आणि तासायला सुरुवात नेहमी बुडख्याकडून, म्हणजे मुळाच्या बाजूनं.

मी टेकू फडक्यानं पुसला आणि बघते, तर वर सालीचे पिवळट तुकडे जागोजाग तसेच! कुठे पातळ, कुठे जाड, मधली जमीन तांबूस. नाव त्यावर आहे हे ऐकलं होतं, पण लिहिलेलं म्हणजे शाईचं, एवढंच मला ठाऊक; शाई तर कुठे दिसेना. मला वाटलं, बाप्पा, एवढ्या मोठ्या विद्वानाची वस्तू आणि करणाऱ्यानं अर्धवट सोडली. डॉक्टरबाबूंचा अंगठा रोज इथं फिरतो, एखाद दिवशी बोटात कुसळ शिरायचं. पाहुण्यांपुढे नीट दिसावं, हेही मनात. साल कुठून कशी उचलते ते बराच वेळ उजेडात धरून निरखलं, रेघन् रेघ पाहिली, कारण पातं तंतूच्या दिशेनं गेलं पाहिजे. मग सुरी घेतली. बुडख्याकडून सुरुवात केली. पहिला तुकडा निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. हात असा गोड चालला होता की काय सांगू. स्वतःवरच खूश होते मी.

सुरी पुढे सरकली आणि तिथं मला टोपी दिसली. पावसात गुराखी डोक्यावर घालतात ना, बांबूची खुमरी? तशीच. टोपीखाली माणूस, माणसाखाली होडी, होडीच्या मागे सालीचाच पातळ पातळ पदर सोडून केलेलं धुकं. साल राहिली नव्हती हो. साल ठेवली होती. सालीचंच चित्र होतं. आणि मी बुडख्याकडून जे तीन तुकडे काढले ते नाव होतं.

मी सुरी खाली ठेवली. तो कोपरा दांड्यासारखा गुळगुळीत, एकदम स्वच्छ. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

टेकू पदरात घेऊन मी मागच्या दारानं घरी पळाले. सासूनं ऐकून घेतलं, टेकू उलटसुलट केला. म्हणाली, “अवो, एवढं कायले रडून राहिली? काजळी नि तेल चोळ, रंग मिळून जाईन. त्या बाबूले दिसते कुठं?”

“दिसत नाही, पन त्यायचा अंगठा रोज तिथं जाते, माय.”

“त म्हन झिजलं.”

“आन् नाव?”

सासू कडक बाई होती. माझ्याशी गोड बोलल्याचं मला फार आठवत नाही. पण त्या दिवशी तिनं टेकू स्वतःच्या लुगड्याला पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “चाल. मी येतो संगं. साल काढाले तर मीच शिकवलं तुले.”

आम्ही दोघी गेलो. डॉक्टरबाबू ओसरीवर येऊन बसले होते. मी त्यांचा हात धरला. तोवर मी त्यांना कधी शिवले नव्हते. अंगठा धरून त्या कोपऱ्यावर ठेवला. अंगठा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला, जसं माणूस स्वतःच्या घरात ठेवलेली वस्तू चाचपडतो. मग थांबला.

“कुठं गेलं?” ते मराठीत म्हणाले. एरवी हिंदीत बोलायचे.

“मी काढलं, बाबू. मले साल वाटली.”

सासू म्हणाली, “तिले काही म्हनू नोका. आमच्यात हाताच्या वस्तूवर साल ठेवत नाही. मी शिकवलं.”

रस्त्यावरून एक टांगा गेला तेवढं आठवतं. मला वाटलं, आता म्हणतील, जा, पुन्हा येऊ नको. मी ते ऐकायला तयार होते. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. “काढताना नीट पाहिलं होतंस का? कसं दिसत होतं?”

“पाहिलं. रेघन् रेघ पाहिली.”

ते एकदम उठले, मेजाचा कोपरा लागला तरी थांबले नाहीत. दवाखान्याची जुनी पाटी काढली, खडू माझ्या हातात कोंबला. “तो अभी बना. अभी, इसी वक्त. कल तक हाथ भूल जाएगा.”

मला तेव्हा ‘ग म भ’ येत नव्हतं. अंगठा उठवायची मी. खडू कसा धरतात तेही ठाऊक नाही, मी तो सुरीसारखा धरला. पण डोळे मिटले की पातं कुठून कुठं गेलं ते दिसत होतं. पहिलं अक्षर म्हणजे शेजारी शेजारी उभी दोन झाडं. दुसरं म्हणजे छपराखाली बसलेली बाई. ती दोन लवकर जमली. तिसरं अवघड. वर बांबूच्या पानांच्या दोन फुटी आणि खाली बरीच गर्दी. काढलं, पुसलं, काढलं, पुसलं. दिवेलागण झाली तरी आम्ही तिघं तिथंच. सासू मध्ये मध्ये म्हणायची, “असं नाई, त्या पट्टीले आतून वाक होता.” तिनं ते पाहिलंही नव्हतं! पण सूनबाईला शिकवायची सवय कशी जाणार?

पुढचे तीन दिवस मी घरी भिंतीवर, अंगणात, सुपावर, जिथे मिळेल तिथे ती तीन अक्षरं काढत राहिले. नवरा म्हणाला, “घरात जादूटोना करून राहिली का?”

दातवाले साहेब आले. बारीक, हसरे, काळा कोट. कलकत्त्याची हिंदी बोलायचे. डॉक्टरबाबूंनी त्यांना चहा व्हायच्या आधीच सगळं सांगितलं, आणि कसं सांगितलं? म्हणाले, “नाम हमारी कारीगर के हाथ में है. टेकू पे नहीं.” ‘कारीगर’ म्हणाले. मी दाराआड उभी होते. मला पुन्हा रडू आलं, पण हे रडू शिक्षेच्या भीतीचं नव्हतं.

मी पाटीवर काढलं. साहेबांनी पहिलं बघून मान हलवली, दुसरं बघून मान हलवली. तिसऱ्यापाशी थांबले. “ऐसा अक्षर नहीं है, बाई.”

त्यांनी स्वतः एक काढलं. “यह होगा. बांस का कोंपल.” म्हणजे बांबूचा कोवळा कोंब, आपण भाजी करतो ते वास्ते.

मी म्हटलं, “नाही.”

“नाही?” त्यांना गंमत वाटली. “बाई, मैं चीनी हूँ.”

“तुम्ही चिनी आहा, पन खरवडलं मी. डावीकडे एक उभी काडी होती, तिले दोन आडव्या. खालची आडवी अशी चढती.”

त्यांनी पुन्हा काढलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मागून सासूनं चिमटा काढला, “पाहुन्याले नाई नाई काऊन करून राहिली?” चौथ्या वेळी त्यांनी जे काढलं ते बघताच माझ्या हाताला कळलं. “हेच.”

साहेब पाटीकडे बघत राहिले. असं अक्षर आहे, म्हणाले, पण नावात फार कमी लोक घालतात. ह्याचा अर्थ बांबूची हिरवी साल. ऐकून डॉक्टरबाबू त्या चार दिवसांत पहिल्यांदा हसले. मला काही हसू आलं नाही.

पण साहेब खरे माणूस होते. म्हणाले, माझी खात्री नाही. कोंबाचं नाव धरलं तर एक घराणं शोधावं लागेल, सालीचं धरलं तर दुसरं. चुकीच्या घरी पेटी गेली तर? डॉक्टरबाबूंनी माझ्याकडे तोंड केलं. दिसत नव्हतं, तरी बरोबर माझ्याकडे. “बोल, सुभद्रा.”

एवढा मोठा भरवसा माझ्यावर कुणी टाकला नव्हता. आणि टाकला तो कधी? मी त्यांचं सगळं घालवून बसल्यावर. मी म्हटलं, “साल.”

मग मी आणखी एक गोष्ट मागितली. पेटीत चिठ्ठी ठेवा म्हटलं. नाव कुणी घालवलं ते त्या म्हाताऱ्याच्या घरच्यांना कळलं पाहिजे. नाहीतर उद्या ते म्हणतील, डॉक्टरबाबूंच्या वडिलांनी चोरीचा माल लपवायला नाव पुसलं. डॉक्टरबाबू नको म्हणत होते. सासूच म्हणाली, “लिवा हो बाबू. कामात चूक झाली त सांगाले लागते.” साहेबांनी चिनी भाषेत लिहिलं: हे तीन अक्षरांचं नाव एका बांबू-कारागिरणीनं साल समजून खरवडलं आणि तिनंच आठवून काढलं. खाली माझा अंगठा घेणार होते. मी म्हटलं, थांबा. तीन दिवस ती डोंगराएवढी अक्षरं गिरवली, मला माझं नाव येणार नाही? डॉक्टरबाबूंनी पाटीवर मोठ्यानं काढून दाखवलं, त्यांना दिसत नव्हतं म्हणून अक्षरं एकमेकांवर चढली होती. मी ती सोडवून सोडवून कागदावर लिहिली. सुभद्रा. आयुष्यातली माझी पहिली सही माझ्या चुकीखाली आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पेटी साहेबांबरोबर गेली. अकरा वस्तू मी एकेक कापडात बांधल्या. बारावा टेकू, तो सगळ्यांत शेवटी. पुढच्या उन्हाळ्यात मुलीनं डॉक्टरबाबूंनाही कलकत्त्याला नेलं. स्टेशनवर मी आणि सासू गेलो होतो. गाडी हलेपर्यंत ते एकच बोलत होते, “पढ़ना मत छोड़ना.” मी सोडलं नाही. विडीच्या बंडलावरची नावं, स्टेशनवरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, असं जे समोर येईल ते वाचत गेले. शाळा अशी मी पाहिलीच नाही.

स्वराज्य आलं त्या सालची दिवाळी जवळ आली होती. मी अंगणात सूप बांधत होते. पोस्टमन आला, म्हणाला, वाचून दाखवू का? मी म्हटलं, ठेव तिकडे, मला येतं. कार्ड डॉक्टरबाबूंच्या मुलीच्या हातचं, हिंदीत. अर्धी दुपार लागली मला. एकेक अक्षर बोटाखाली धरून मी मोठ्यानं वाचत होते आणि सासू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पेटी पोहोचली होती. त्या म्हाताऱ्याची नात भेटली होती. तिनं टेकू ओळखला. मुलीनं लिहिलं होतं, बाबूजींनी सांगितलं आहे की सुभद्राला हेच आधी लिही, पण माझ्या हातून ते शेवटी आलं:

तीसरा अक्षर सही था.

सासूनं विचारलं, “काय म्हनते?”

मी सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं, कडा तपासली आणि म्हणाली, “इथं ढिली बांधली तू.” आणि स्वतः बांधत बसली. मला कळलं.

आज डॉक्टरबाबू नि सासू, दोघंही नाहीत. दातवाले साहेब कुठे असतील, ठाऊक नाही. ती नात कशी दिसत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. टेकूच्या गुळगुळीत कोपऱ्यावर तिचा अंगठा अडखळत असेल का? हळहळ आहेच. ते नाव पुन्हा तिथं उगवणार नाही. पण माझ्यासारखीला कुणी कारागीर म्हटलं, चुकल्यावर हात झिडकारला नाही, उलट त्याच हातात खडू दिला. एवढं देणं किती जणींच्या वाट्याला येतं? डॉक्टरबाबूंचे उपकार मी फेडू शकले नाही. म्हणून हे लिहिलं.

तर बायांनो, कधी नागपूर-रायपूरकडे जाणं झालं तर गोंदियाला उतरा. स्टेशनबाहेर कुणालाही चिनी बांबूवालीचं घर विचारा. नवा तांदूळ आला आहे, भात मऊ होतो, वासही सुटतो. मोडकं-तोडकं काही आणायची गरज नाही, रिकाम्या हातानं या. आता गुडघे धरतात, मला तुमच्याकडे येणं व्हायचं नाही. तुम्हीच या, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. याच महिन्यात या.